बोर्डाची परीक्षा, टेन्शन, दुआ आणि मेंदू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारी उजाडला की माझ्या फोनवर तेच तेच प्रश्न यायला लागतात. काही शाळेतल्या पोरांचे, काही मकतबात (कुराण शिकवणाऱ्या वर्गात) येणाऱ्या मुलांच्या अम्मींचे, काही इचलकरंजी-गडहिंग्लजकडच्या अशा लोकांचे, ज्यांना मी कधी भेटलेलोही नाही. सकाळी मी कोल्हापुरात शाळेत विज्ञान शिकवतो आणि मगरिबच्या (सूर्यास्ताच्या) नमाजनंतर मोहल्ल्यातल्या मकतबात मुलांचा सबक ऐकतो. त्यामुळे मेंदूचे आणि दीनचे (धर्माचे), दोन्हीकडचे प्रश्न माझ्याकडे येतात. एकेकाला वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून ठेवलंय. मी आलिम (धर्मशास्त्राचा जाणकार) नाही, डॉक्टरही नाही. जिथे मसला (धर्माच्या नियमाचा प्रश्न) निघतो तिथे आलिमांकडे आणि जिथे आजार दिसतो तिथे डॉक्टरांकडे जा, असं मी त्या त्या ठिकाणी सांगितलंय.

१. सर, पेपर जवळ आला की छाती धडधडते, हात गार पडतात. माझं ईमान (श्रद्धा) कमजोर आहे का?

नाही. हा प्रश्न विचारणारी पोरं बहुतेक पाच वक्त नमाजी असतात, आणि आधीच घाबरलेल्या जिवावर अपराधीपणाचं ओझं चढवून घेतात, म्हणून हे उत्तर पहिलं देतोय. फिरऔनकडे (इजिप्तच्या जुलमी राजाकडे) जायचा हुकूम झाला तेव्हा पैगंबर मूसा अलैहिस्सलामांनी काय मागितलं? माझी छाती मोकळी कर, माझं काम सोपं कर, माझ्या जिभेची गाठ सोड (सूरह ताहा, २५ ते २८). छाती आवळल्याशिवाय कुणी ती मोकळी करायला सांगत नाही. पैगंबर मुहम्मद (सल्ल.) चिंता आणि दुःखापासून अल्लाहचा आसरा मागत असत, ती दुआ बुखारी या हदीसच्या (पैगंबरांच्या वचनांच्या) संग्रहात आहे. धडधड हे शरीराचं काम आहे. धोका दिसला की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी ॲड्रेनलिन सोडतात, हृदय जोरात चालतं, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं आणि बोटं गार पडतात. यात ईमानाचा काही हिशोब नाही.

२. सगळं पाठ असतं, पण प्रश्नपत्रिका हातात आली की डोकं कोरं होतं. असं का?

बारावीत फिजिक्सच्या पेपरला माझंही झालं होतं. पहिली वीस मिनिटं मी नुसता कागदाकडे बघत बसलो. बाहेर आल्यावर रंकाळा तलावापर्यंत चालत गेलो, आणि वाटेत सगळी सूत्रं आपोआप आठवत गेली. आठवण गेलेली नव्हती, तिच्यापर्यंत जाणारी वाट बंद झाली होती.

मेंदूत कानशिलाच्या आतल्या बाजूला अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग आहे. धोका ओळखणं हे त्याचं काम. तो जागा झाला की हायपोथॅलॅमस, पिट्युटरी आणि ॲड्रिनल ग्रंथी अशी साखळी सुरू होते आणि रक्तात कॉर्टिसॉल वाढतं. आठवणी साठवणाऱ्या आणि बाहेर काढणाऱ्या हिप्पोकॅम्पसवर कॉर्टिसॉलचा थेट परिणाम होतो. कपाळामागचा, विचार जुळवणारा भागही त्या काळात मंदावतो. २००० साली डॉमिनिक द क्वेर्वां आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांना कॉर्टिसोनची गोळी देऊन हेच तपासलं. आदल्या दिवशी पाठ केलेले शब्द आठवायच्या आधी गोळी घेतलेल्यांना कमी शब्द आठवले. शब्द पाठ करण्यापूर्वी गोळी घेतलेल्यांचं मात्र तसं नुकसान झालं नाही. म्हणजे अडकतं ते आठवणं. शिकलेलं पुसलं जात नाही.

त्या क्षणी काय करायचं ते प्रश्न ४ मध्ये आहे, आणि असं होऊच नये म्हणून वर्षभर काय करायचं ते प्रश्न ५ मध्ये.

३. मग टेन्शन अजिबातच नको का?

थोडं हवं. खासबागेच्या कुस्ती मैदानात उतरणाऱ्या पैलवानाला विचार, आत जाण्याआधी मांड्या थरथरतात की नाही. तो त्याला भीती म्हणत नाही, अंग तापलंय म्हणतो. यर्क्स आणि डॉडसन या दोघांनी १९०८ मध्येच दाखवलं होतं की अवघड कामात ताण एका मर्यादेपर्यंत मदत करतो आणि त्यापुढे कामाची माती करतो. जेरेमी जेमिसन यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना परीक्षेआधी एवढंच सांगितलं, की ही धडधड तुमच्या फायद्याची असू शकते. गणितात ती मुलं इतरांपेक्षा वर राहिली. तेव्हा धडधड सुरू झाली की ‘संपलं माझं’ असं म्हणू नको. ‘अंग तापलंय’ म्हण.

४. परीक्षा केंद्रावर शेवटच्या पाच मिनिटांत काय करू?

पुस्तक पिशवीत टाक. फाटकाजवळच्या घोळक्यात ‘हा प्रश्न नक्की येणार’ म्हणणारा कुणीतरी असतोच, त्याच्यापासून दूर उभा राहा. वजू (नमाजआधीचं हात-तोंड-पाय धुणं) घरून करून ये, किंवा नळावर तोंडावर गार पाणी मार.

बाकावर बसल्यावर चार आकडे मोजत नाकाने श्वास घे, पोट फुगू दे, आणि सहा आकडे मोजत सोड. मिनिटाला सहा श्वास होतात. श्वास सावकाश सोडताना व्हेगस नावाच्या मज्जातंतूमार्फत हृदयाचे ठोके उतरतात, हे तू नाडीवर बोट ठेवून स्वतः तपासू शकतोस. पाचेक श्वास झाले की मूसा अलैहिस्सलामांची तीच दुआ म्हण : रब्बिश्-रह ली सद्री, व यस्सिर ली अम्री, वह्लुल उक्दतम मिल्-लिसानी, यफ्कहू कौली. घाईघाईने पुटपुटू नको, एकेक तुकडा एकेका श्वासावर म्हण. मग येणाऱ्या प्रश्नापासून सुरुवात कर. दोन उत्तरं लिहून झाली की बंद वाट उघडते.

परीक्षेआधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर उतरवायची, असाही एक उपाय २०११ मधल्या एका प्रयोगामुळे फार गाजला. पुढे इतरांनी त्यातला मूळ प्रयोग पुन्हा केला तेव्हा फरक दिसला नाही. म्हणून मी कुणाला त्याची सक्ती करत नाही. ज्याला लिहिल्यावर हलकं वाटतं त्याने आदल्या रात्री लिहावं.

५. हिफ्ज (कुराण तोंडपाठ) करणाऱ्या मुलांना एवढं कुराण लक्षात राहतं, मग शाळेचा धडा का राहत नाही?

कारण शाळेचा धडा आपण हिफ्जसारखा करत नाही. मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते याच प्रश्नात.

हिफ्जच्या वर्गात रोज तीन कामं असतात. सबक, म्हणजे आजचा नवा भाग. सबकी, म्हणजे गेल्या काही दिवसांतले सबक. आणि मंजिल, म्हणजे कुराणाचे जुने पारे (भाग), ठरलेल्या पाळीने. तिन्ही उस्तादांना तोंडी ऐकवायचे असतात, मुस्हफ (कुराणाची प्रत) बंद ठेवून. जिथे अडखळतो तिथे पेन्सिलची खूण होते आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच विचारतात. ‘वाचून झालंय’ हे वाक्य तिथे चालत नाही. ऐकवलं तरच झालं.

आता शाळेचा अभ्यास बघा. ‘प्रकाशाचे अपवर्तन’ हा धडा चार वेळा वाचला, पिवळ्या पेनने रंगवला, झाला. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हीच तुलना केली. एका गटाने उतारा चारही वेळा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचला आणि तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के.

टेन्शनशी याचा संबंध काय? २०१६ मध्ये एमी स्मिथ आणि सहकाऱ्यांनी पुढचा प्रश्न विचारला : ताण दिल्यावर काय होतं? वाचून शिकलेल्यांची आठवण ताणाखाली ढासळली. आठवून आठवून शिकलेल्यांची टिकली. मकतबातल्या मुलाला रोज कुणाच्यातरी नजरेसमोर, पुस्तक मिटून, चुकायची भीती मनात धरून आठवायची सवय असते. परीक्षेच्या हॉलमध्ये यापेक्षा वेगळं काय असतं?

करायचं ते असं. आज अपवर्तनाचे दोन नियम शिकलात, हा सबक. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिहा, चुकलं तिथे खूण करा. परवा आणि तेरवा तेच पुन्हा न बघता लिहा, ही सबकी. आठवड्यातून एक दिवस जुन्या धड्यांची मंजिल, पाळी लावून. उस्ताद म्हणून कुणीही चालतं. धाकट्या बहिणीच्या हातात पुस्तक द्या आणि तिला ऐकवा. तिला विषय कळायची गरज नाही, तुम्ही अडखळलात एवढं तिला कळतं. अट एकच, ऐकणाऱ्याने ओरडायचं नाही. भीतीने पाठ झालेलं भीतीतच अडकतं, आणि हे मी काही मकतबांनाही उद्देशून लिहितोय.

६. दहावीच्या वर्षी मुलाचं मकतब बंद करू का?

पूर्ण बंद करू नका, वेळ कमी करा. पाऊण तासाचा वीस मिनिटं केलात तरी चालेल. ज्या वर्षी मुलाला आधाराची सगळ्यात जास्त गरज असते, त्याच वर्षी आपण त्याचा आधार आणि दोस्त दोन्ही काढून घेतो. शिवाय दीनचं शिक्षण एकीकडे आणि शाळेचं दुसरीकडे, ही वाटणी आपल्या गावात तरी शोभत नाही. शाहू महाराजांनी १९०६ साली मोहामेडन एज्युकेशन सोसायटी काढली आणि मुस्लिम बोर्डिंग उभं राहिलं, ते आपल्या मुलांनी शाळा शिकावी म्हणूनच. दसरा चौकातून जाताना मुलाला ते दाखवा.

७. नमाज आणि जिक्रने (अल्लाहच्या नामस्मरणाने) मेंदू शांत होतो, हे शास्त्राने सिद्ध झालंय का?

व्हॉट्सॲपवर फिरतं तसं सिद्ध झालेलं नाही. ‘सजद्यात (कपाळ जमिनीला टेकवताना) मेंदूला रक्त जातं म्हणून मार्क वाढतात’ अशा गोष्टी कृपा करून पुढे पाठवू नका. नमाज फर्ज (बंधनकारक) आहे म्हणून पढायची, तिला प्रयोगशाळेच्या दाखल्याची गरज नाही.

श्वासाबद्दल मात्र ठोस काही सांगता येतं. इटलीतले लुचानो बेर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये कॅथलिकांची जपमाळेवरची प्रार्थना आणि एक योगमंत्र म्हणणाऱ्यांचा अभ्यास केला. दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला, आणि हृदयाची लय व रक्तदाब यांचा मेळ सुधारला. हा अभ्यास तस्बीहवर (जिक्रच्या जपमाळेवर) नव्हता. पण सावकाश, एका लयीत म्हटलेल्या जिक्रनेही श्वास तसाच लांबतो, हे कुणालाही घड्याळ लावून बघता येईल. ‘अल्लाहच्या स्मरणाने मनांना शांती लाभते’ हे सूरह रअदमध्ये (आयत २८) आहे. माझ्यासाठी ते पुरेसं आहे. श्वासाचा भाग मी विद्यार्थ्यांना उपाय म्हणून सांगतो, कुराणाचा पुरावा म्हणून नाही.

८. रात्री दोनपर्यंत जागू की फजरला (पहाटेच्या नमाजला) उठून अभ्यास करू?

इशानंतर (रात्रीच्या नमाजनंतर) झोप, फजरला उठ. गाढ झोपेत हिप्पोकॅम्पस दिवसभरातलं शिकलेलं पुन्हा उगाळतो आणि मेंदूच्या बाहेरच्या थरात पक्कं बसवतो. झोप कापली की हेच काम कापलं जातं. तुझ्या वयाला ८ ते १० तास झोप लागते. इशानंतर विनाकारण गप्पा मारत जागणं पैगंबरांना (सल्ल.) आवडत नसे, आणि ‘तुझ्या शरीराचाही तुझ्यावर हक्क आहे’ असं त्यांनी दिवसा रोजे आणि रात्रभर इबादत (उपासना) करणाऱ्या सहाबींना (सोबत्यांना) सांगितलं होतं. इबादतीसाठीही ज्याची परवानगी नाही ते गणितासाठी कसं चालेल?

एक अडचण खरी आहे. या वयात मेंदूचं घड्याळच उशिरा झोप आणतं. म्हणून एकदम बदल होणार नाही, झोपेची वेळ रोज पंधरा मिनिटं अलीकडे आण. दुपारी वीस मिनिटांचा कैलुला (डुलकी) घे. फोन दुसऱ्या खोलीत ठेव. पेपरच्या आदल्या रात्री तर जागायचंच नाही.

९. रमजान बोर्डाच्या परीक्षेत येतो. पेपरसाठी रोजा सोडता येईल का?

इस्लामी वर्ष दरवर्षी साधारण ११ दिवस मागे सरकतं, त्यामुळे हा प्रश्न आता काही वर्षं राहणार. २०२५ मध्ये दहावीचे पेपर सुरू असतानाच रमजान लागला होता.

कुराणाने सवलत दिली ती आजारी आणि प्रवासी यांना (सूरह बकरा, १८४-१८५). नुसता पेपर आहे म्हणून सवलत आहे, असं बहुतेक आलिम म्हणत नाहीत. पण मधुमेह, फिट्स, अर्धशिशी, अशक्तपणा असेल तर तो आजारच आहे. तिथे आधी डॉक्टर, मग आलिम, आणि दोघांनाही खरं सांगा. पेपर चालू असताना चक्कर आली, जीव घाबरा झाला तर पाणी प्या. नंतर कजा करता येते, म्हणजे तो रोजा भरून काढता येतो. ‘अल्लाह कुणावरही त्याच्या ताकदीबाहेरचं ओझं टाकत नाही’ हे बकराच्या शेवटच्या आयतीत आहे. मुलगा अजून बालिग (वयात आलेला) नसेल तर त्याच्यावर रोजा फर्जच नाही. शेजारच्यांना काय वाटेल म्हणून त्याला धरायला लावू नका.

१०. रोजा धरूनच पेपर द्यायचाय. सेहरीत (रोज्याआधी पहाटेच्या जेवणात) काय खाऊ?

ज्वारीची भाकरी, अंडी किंवा डाळ, दही, खजूर, आणि सावकाश पाणी. आदल्या रात्रीचा तांबडा रस्सा सेहरीत संपवू नको, अकरा वाजता बाकावर तहान आणि जळजळ दोन्ही असेल. रोज्यात पहिल्या दिवसांत कपाळ दुखतं ते बऱ्याचदा भुकेने नाही, चहा सुटल्याने. रमजानच्या आठ-दहा दिवस आधीपासून चहा एकेक कप कमी कर. अवघड विषय सेहरीनंतर, सोपे उजळणीचे विषय असरच्या (दुपार उतरतानाच्या नमाजच्या) सुमारास. तरावीह (रमजानमधली रात्रीची जादा नमाज) सुन्नत आहे, फर्ज नाही. पेपरच्या आदल्या रात्री ती घरी लवकर पढून झोपता येतं का, हे इमामसाहेबांना विचार.

११. शुक्रवारी सकाळच्या सत्रात पेपर आहे. जुमा (शुक्रवारची दुपारची सामुदायिक नमाज) चुकेल त्याचं काय?

११ ला सुरू होणारा तीन तासांचा पेपर वाढीव दहा मिनिटांसह २ वाजून १० मिनिटांनी सुटतो. केंद्राजवळच्या कुठल्या मशिदीत उशिराची जमात (एकत्र नमाज) होते ते आदल्या दिवशीच बघून ठेव. ती मिळणार नसेल तर जोहरबद्दल (दुपारच्या रोजच्या नमाजबद्दल) आलिमांना आधीच विचार. पेपर लिहिताना हा विचार डोक्यात नको.

१२. ऐन परीक्षेत पाळी येते. नमाज नाही, कुराण हातात घेता येत नाही. मग माझा आधारच जातो.

नमाज त्या दिवसांत माफ आहे, तिची कजाही नाही. रोज्यांची कजा मात्र नंतर करायची असते. पण दुआ, जिक्र, दुरूद (पैगंबरांसाठीची दुआ) कधीच बंद होत नाहीत, यावर आलिमांमध्ये वाद नाही. प्रश्न ४ मधली दुआ, दुआ म्हणून तुला म्हणता येते. नमाजच्या वेळी त्याच जागी पाच मिनिटं बसून तस्बीह कर, दिवसाची लय मोडणार नाही. पोट फार दुखत असेल तर अम्मीला सांग, डॉक्टरांना विचारून गोळी घे. सहन करत पेपर लिहिण्यात काही सवाब (पुण्य) नाही.

१३. मुलगा म्हणतो, नसीबात असेल ते मिळेल. अभ्यासच करत नाही.

त्याला उंटाची गोष्ट सांगा. उंट बांधू की अल्लाहवर भरोसा ठेवू, असं एकाने पैगंबरांना (सल्ल.) विचारलं. बांध आणि मग भरोसा ठेव, असं उत्तर मिळालं (तिर्मिजी हदीससंग्रह). पण एवढ्यावर थांबू नका. माझा अनुभव असा, की ‘नसीब’ म्हणणारा मुलगा आळशी नसतो, घाबरलेला असतो. न केलेल्या अभ्यासात नापास होणं त्याला केलेल्या अभ्यासात नापास होण्यापेक्षा सोपं वाटतं. त्याला वीस मिनिटांचा एकच सबक द्या आणि स्वतः बसून ऐका. थोडं असलं तरी नेमाने केलेलं काम अल्लाहला सर्वांत प्रिय, अशी हदीस आहे.

ज्यांना उलट सवय आहे, म्हणजे अभ्यास सोडून खास वजीफा (ठरावीक जप) किंवा मार्कांचं तावीज शोधायची, त्यांनाही हेच उत्तर. दुआ करा, आईवडिलांची दुआ घ्या. पैसे घेऊन मार्कांची हमी देणाऱ्याकडे जाऊ नका.

१४. सगळेच कॉपी करतात. मी नाही केली तर मागे पडेन.

‘जो फसवतो तो आमच्यातला नाही’ ही सहीह मुस्लिम या संग्रहातली हदीस तुला माहीत आहे. मेंदूचं सांगतो. खिशात चिठ्ठी असताना अमिग्डाला तीन तास पर्यवेक्षकाकडे बघत बसतो. जे येत होतं तेही अडकतं.

१५. आम्ही आईवडिलांनी काय करावं?

चाचाच्या मुलाचे मार्क काढू नका. जेवताना परीक्षेचा विषय नको. पेपरवरून आल्यावर ‘कसा गेला’च्या आधी ‘जेवतोस का’ विचारा. आणि अम्मी, तुम्ही मुसल्ल्यावर (नमाजच्या चटईवर) रडत दुआ मागता ते मुलगी दारातून बघत असते. तिला वाटतं सगळं घर तिच्या टक्क्यांवर उभं आहे. तिला शेजारी बसवून तिच्यासमोर हसत दुआ मागा.

१६. मी मुस्लिम नाही. यातलं माझ्या उपयोगाचं काही आहे का?

प्रश्न २, ३, ५ आणि ८ जसेच्या तसे. प्रश्न ४ मधल्या दुआच्या जागी तुझी स्वतःची प्रार्थना म्हण. बेर्नार्दींच्या प्रयोगात तर जपमाळ आणि मंत्र दोन्ही होते.

१७. हे नेहमीचं टेन्शन नाही, हे कसं ओळखायचं?

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप किंवा भूक उडालेली असेल, मूल कुणाशी बोलत नसेल, अचानक श्वास कोंडून ‘मी मरतोय’ असं वाटत असेल, वजू किंवा नमाज ‘नीट झाली नाही’ म्हणून पुन्हा पुन्हा करत असेल, तर डॉक्टरांकडे न्या. शेवटचं लक्षण घरच्यांना परहेजगारी (धर्मनिष्ठा) वाटते, पण तो बऱ्याचदा वसवसा (शैतानाने मनात घातलेली शंका) नसून उपचाराने बरा होणारा आजार असतो. ‘इलाज करा, अल्लाहने प्रत्येक आजारासोबत औषध उतरवलंय’ ही हदीस मनाच्या आजारालाही लागू आहे. अबू जैद अल-बल्खी या मुस्लिम विद्वानाने हजारेक वर्षांपूर्वीच शरीराच्या आणि मनाच्या आजारांवर बरोबरीने लिहिलं होतं.

‘मी नसतो तर बरं’ असं मूल बोललं तर त्याला हराम-हलालचं भाषण देऊ नका. जवळ बसा, एकटं सोडू नका आणि १४४१६ वर फोन लावा. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलतात. मुलांसाठी १०९८ आहे. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. आणि असं वाटणारा तू स्वतः हे वाचत असशील, तर आत्ताच घरातल्या एका माणसाला उठव.

१८. नापास झालो तर?

पुरवणी परीक्षा त्याच उन्हाळ्या-पावसाळ्यात होते, वर्ष बहुतेकदा वाचतं. ‘असं केलं असतं तर’ म्हणत बसू नका, ते ‘तर’ शैतानाला वाट करून देतं, असं सहीह मुस्लिममध्ये आहे. त्याच हदीसमध्ये आधी म्हटलंय : फायद्याचं असेल त्याच्या मागे लागा, अल्लाहची मदत मागा, हातपाय गाळू नका. निकालाच्या दुसऱ्या दिवशी मकतबात ये. मी कारण विचारणार नाही, सबक कुठून सुरू करायचा एवढंच विचारेन.

१९. पेपर झाल्यावर मित्रांबरोबर उत्तरं जुळवू का?

नको. पुढचा पेपर उरलाय. जोहर पढ, जेव आणि झोप.